राजगड-तोरणा-रायगड : वाटेत धनगराच्या घरी मुक्काम करायचाय, काय माहीत असावं?

पायपीट :
मंडळी, डिसेंबरात आम्ही चौघं राजगड-तोरणा-रायगड करायचं म्हणतोय. गुंजवण्यातून चोरदरवाजाने राजगड, मग संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडून डोंगराच्या धारेने तोरणा, बुधला माचीवरून भट्टी गावाकडे उतरायचं, हारपुड करत मोहरी, आणि शेवटी बोराट्याच्या नाहीतर सिंगापूरच्या (मोहरीजवळचं गाव) नाळेने, म्हणजे घळीतल्या वाटेने, कोकणात उतरून रायगडवाडी. वाटेबद्दल इथे भरपूर लिहून झालंय, ते सगळं वाचलंय, तर तो माझा प्रश्न नाही. प्रश्न मुक्कामाचा आहे. तंबू नेणार नाही, पाठीवर तेवढं ओझं घेऊन ती धार चालायची आमची वयं राहिली नाहीत. गडावर देवळात झोपायला आता मिळतं की नाही याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. मग धनगराच्या घरी राहायचं असं ठरतंय. आमच्यातल्या कुणीच असा मुक्काम केलेला नाही, चौघांत एक बायको (माझीच) आणि एक मित्राची सोळा वर्षांची मुलगी आहे. तर झोपायला काय मिळतं, जेवणाचं काय, पैसे किती द्यायचे, संडास-बाथरूमचं काय, जे सुचेल ते सांगा. आधी फोन करून बुकिंग वगैरे होतं का?

घाटवाट :
बुकिंग :)
पहिलं म्हणजे पहिल्याच दिवशी तोरणा गाठायचा हट्ट सोडा. सकाळी गुंजवणं, राजगड बघायचा म्हटलं तरी दोन-तीन तास जातात (बालेकिल्ला चढणार असाल तर आणखी), मग संजीवनीची ती लांबलचक सोंड, आणि खाली डांबरी रस्त्याच्या खिंडीत येईपर्यंत दुपार कलते. तिथून तोरण्याचा चढ उरलेल्या उजेडात रेटायचा आणि बुधल्याखालच्या कातळावर अंधारात धडपडायचं कशाला? त्या धारेवर खिंडीच्या अलीकडे-पलीकडे धनगरांची तुरळक घरं आहेत, तिथे थांबा. दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी तोरणा करून भट्टीला उतरा. दिवस मोठा होतो पण होतो. मोहरीत आता बऱ्याच घरांना ट्रेकरची सवय आहे, लिंगाणा सुळक्याला आणि रायलिंग पठारावर येणारी गर्दी तिथूनच जाते, त्यामुळे मोहरीची काळजी नाही. धारेवरच्या एकट्या घराची गोष्ट वेगळी, ते हॉटेल नाही, होमस्टेपण नाही. ते कुणाचं तरी घर आहे आणि तुम्ही न सांगता आलेले पाहुणे.

नवशिक्या८२ :
वाखुसा (वाचनखूण साठवली). मलाही याच माहितीची गरज होती, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डोंगरवेडी :
घर कसं असतं ते आधी सांगते म्हणजे सोबतच्या मुलीला सांगून ठेवता येईल. जुनं असेल तर भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणामातीचा गिलावा. वर कौलं किंवा पत्रा, क्वचित अजून गवत. दार इतकं बुटकं की वाकूनच जावं लागतं आणि बाहेर पडताना प्रत्येक जण डोकं आपटतो, हे मी लिहून देते. आत एकच मोठी खोली, त्यातल्या निम्म्याहून जास्त जागेत जनावरं. मधे हातभर उंचीचा ओटा नाहीतर नुसता एक आडवा वासा, की झालं, इकडे माणसं तिकडे म्हशी. चूल आतच, धुराडं नाही, त्यामुळे संध्याकाळी डोळे झोंबतात. पण तोच धूर वर आढ्याला बसून बसून लाकडं डांबर फासल्यासारखी काळी करतो आणि त्यामुळे वाळवी-भुंगा लागत नाही, माळ्यावरचं बियाणंही टिकतं. जमीन शेणाने सारवलेली, स्वच्छ. चपला-बूट बाहेर काढायचे, ते काढल्यावर रात्रभर बाहेर मोकळे ठेवू नका, आत भिंतीशी घ्या, एकतर कुत्रं पळवतं आणि दुसरं म्हणजे सकाळी झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. फुरसं, विंचू काहीही निघू शकतं.

झोपायला तरट किंवा चटई देतील, घरातली चांगली घोंगडी असेल तर तीही तुमच्या पुढ्यात टाकतील आणि स्वतः गोधडीवर झोपतील. म्हणून मॅट आणि स्लीपिंग बॅग आपली न्या. डिसेंबरात घाटमाथ्यावर पहाटे भयंकर गार होतं. पिसवा आणि गोचीड हा विषय आहेच, तो नाही म्हणून सांगणारे खोटं बोलतात. गोठ्याच्या कडेला डोकं करून झोपू नका, फुल पँट, मोजे, ओडोमास.

पायपीट :
डोंगरवेडी, धन्यवाद! मुलीला वाचून दाखवलं, तिला म्हशीच्या शेजारी झोपायचंच आहे. बायको गप्प आहे.

सांबरशिंग :
जेवण बघा, पिठलं-भाकरी म्हणाल तर मिळेल. भाकरी बहुतेक तांदळाची नाहीतर नाचणीची, सोबत लसणाचा ठेचा, वरणभात असेल तर असेल, आणि ताक. ताकाचं काय सांगू, शहरात जे ताक म्हणून विकतात त्याने तोंड वाकडं होईल परत आल्यावर. दूध मागितलंत तर देतील पण मागू नका, ते विकायचं असतं. पैशाचं माझं मत असं की विचारू नये, विचारलं की ते लोक संकोचतात, "काय द्यायचं ते द्या" म्हणतात. निघताना देवापुढे नाहीतर भांड्याखाली ठेवून यावं. आतिथ्याची किंमत करायची नसते.

नाना_मावळकर :
सांबरशिंग साहेब माफ करा पण इथे मी आडवा येणार. मी त्याच तालुक्यातला, माझ्या आत्याची घरं वर आहेत. हे "काय द्यायचं ते द्या" ऐकून लोकं काय देतात माहितीये का, सहा जण जेवले, सहा जण झोपले, सकाळी दोनदा चहा, आणि निघताना शंभराची एक नोट पोराच्या हातात, वर "खाऊला" म्हणून. आणि घरी जाऊन लेख लिहितात की डोंगरातली माणसं किती निर्मळ. निर्मळ आहेत म्हणून काय फुकट राबायचं? पीठ काय डोंगरात पिकतं का सगळं? तेल, चहा, साखर, मीठ, हे खालच्या बाजारातनं डोक्यावर येतं. आल्या आल्या सरळ विचारायचं, मावशी आम्ही चौघं आहोत, जेवण आणि राहायचं, माणशी एवढे देतो, चालतील का? सध्या ताटाचे दीडशे-दोनशे धरा आणि मुक्कामाचे वेगळे. त्यात संकोच कसला, वाण्याकडे जाऊन आपण संकोचतो का. आणि सुट्टे न्या, वर मोबाईलला रेंज नाही तर ते स्कॅन करायचं विसरा.

आणि एक, पैसे द्यायचे ते जिनं भाकऱ्या थापल्या तिच्या हातात द्या. म्हाताऱ्याच्या हातात दिले तर ते कुठं जातात ते मला नका विचारू.

डोंगरवेडी :
+१०० नाना. शेवटच्या ओळीसाठी आणखी १००.

सांबरशिंग :
नाना, मुद्दा मान्य नाही असं नाही, पण दर ठरवला की उद्या तिथे पाटी लागते, परवा प्लास्टिकच्या खुर्च्या येतात आणि मग ते घर राहत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय दोन-तीन गडांच्या पायथ्याला.

नाना_मावळकर :
लागू दे की पाटी. तुम्हाला कुडाचं घर बघायला आवडतं म्हणून त्यांनी कुडातच राहायचं का? आत्याच्या घरावर पत्रा आला त्या वर्षी पुण्याचे एक पाहुणे हळहळले, म्हणे जुनं छान होतं. पावसाळ्यात चार महिने या म्हणावं राहायला, गवती छप्पर किती छान ते कळेल.

कारवी :
भांडू नका दोघं, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.
थोडं अवांतर पण उपयोगी. धनगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मेंढ्या, काठी आणि पिवळा भंडारा येतो. घाटमाथ्यावरचे हे गवळी-धनगर, मेंढ्या नाहीत, म्हशी आणि गाई. मेंढ्या पाळणारे ते पलीकडे कमी पावसाच्या दुष्काळी पट्ट्यात, इथल्या धो धो पावसात आणि चिखलात मेंढी तगत नाही. म्हणून वाडीत घरंही एकमेकांपासून लांब, कारण प्रत्येकाला आपल्या जनावरांपुरतं रान आणि पाणी लागतं. एखाद्या घराला शेजार म्हणजे अर्ध्या तासाची चाल. म्हणून अशा घरात अचानक दहा माणसं आली तर शेजारून भांडी किंवा पीठ उसनं आणायची सोय नसते, हे लक्षात घ्या.

आणि दूध का मागू नये तेही सांगतो. जिथे डेअरीची गाडी पोचत नाही तिथे रोज दूध खाली नेणं परवडत नाही, म्हणून खवा करायचा. म्हशीच्या पाच लिटर दुधाला साधारण किलोभर खवा निघतो, तो कढईत तासन् तास आटवायचा, सतत ढवळत, त्याला लाकूड किती लागतं ते बघितलं की समजतं. तुमच्या चार कप दुधाच्या चहाने तिचं गणित हलतं. कोरा चहा प्या, गूळ घालून झकास लागतो.

इन्सब्रुककर :
मी सध्या ऑस्ट्रियात असतो, इथला अनुभव टाकू का? इथेही डोंगरात शेतकऱ्यांच्या उन्हाळी झोपड्या असतात, आल्म म्हणतात. जूनमध्ये गाई वर चढवतात, सप्टेंबरात सजवून, गळ्यात मोठमोठ्या घंटा बांधून खाली आणतात, त्याची जत्राच भरते. मधले तीन-साडेतीन महिने शेतकरी किंवा त्याने ठेवलेला माणूस वर राहतो, चीज करतो, आणि काही ठिकाणी माळ्यावर ओळीने गाद्या टाकून ट्रेकरना झोपायला देतो. फळीवर ब्रेड, चीज, सुकवलेलं मांस असं जेवण. आल्पाइन क्लबच्या हट्समध्ये तर पातळ कापडी पिशवी, म्हणजे आपल्या चादरीची शिवलेली खोळ म्हणा, ती स्वतःची असल्याशिवाय गादीवर झोपू देत नाहीत. बूट दारातच काढायचे, आणि रात्री दहाला दिवे बंद म्हणजे बंद. भाव पाटीवर लिहिलेले, बहुतेक ठिकाणी रोख. त्या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित या पाहुण्यांवर बरंच चालतं, आणि कुणालाही त्यात आतिथ्याचा अपमान वाटत नाही. नानांच्या बाजूने एक मत.

घाटवाट :
इन्सब्रुककर, ती खोळीची आयडिया उचलण्यासारखी आहे. वजन काही नाही, आणि घरातलं पांघरूण दिलंच तर आतून आपली खोळ, त्यांचं पांघरूण धुवायचं काम वाचतं. पाणी विहिरीवरून आणायचं असतं तिथे गोधडी धुणं म्हणजे दिवसभराचं काम.

कारवी :
पाण्याचा विषय निघालाच आहे तर, पूर्ण मुक्कामाचा मुद्दाच तो आहे असं माझं मत. झोपायला जागा कुणीही देतं. डिसेंबरात झरे-विहिरी चालू असतात पण घरापासून खाली, आणि ते आणते बाई, डोक्यावर हंडा-कळशी, चढ चढून. चार माणसं हात-पाय-तोंड, पिणं, जेवणाची भांडी, सकाळची गडबड धरून सहज तीन-चार हंडे संपवतात. तर पोचल्यावर बूट काढायच्या आधी विहीर कुठंय ते विचारा आणि आपल्या बाटल्या, कॅन, त्यांच्या दोन कळश्या भरून आणा. मला जे आदराने ओळखतात ना त्या दोन-तीन घरांत, ते फक्त या एका गोष्टीमुळे. माझ्या दाढीमुळे नाही.

दुसरं, उजेड असताना पोचा. साडेचार-पाचला. तेव्हा तिला कळतं की आज चार भाकऱ्या जास्त, मग ती त्या हिशोबाने पीठ काढते, सरपण आत घेते. तुम्ही आठला टॉर्च मारत आलात, कुत्री भुंकायला लागली, घरातलं जेवण झालंय, चूल विझत आलीय, तरी ती उठते आणि परत चूल पेटवते. नाही म्हणत नाही. तेच तर वाईट आहे.

रानवारा_ट्रेकर्स :
आम्ही दर वर्षी ग्रुप घेऊन जातो, चाळीस जणांचा असतो, आजवर कुणी तक्रार केली नाही, उलट त्या लोकांना रोजगार मिळतो. उगाच बाऊ करू नये.

नाना_मावळकर :
चाळीस!! तक्रार कुणाकडं करायची त्यांनी, तुमच्या पेजवर?
चाळीस माणसांच्या भाकऱ्या चुलीवर एका तव्यावर, एकेकीला किती वेळ बसावं लागेल हिशोब करा. मोहरीत चार घरं वाटून घेऊन, आठ दिवस आधी निरोप देऊन, ठरवून करा ना, तिथं लोक करतात व्यवस्थित, भांडी आहेत, माणसं आहेत, लाईट आहे. पण धारेवरच्या एका घरावर ती झुंड नेऊ नका. आणि स्पीकर.

डोंगरवेडी :
स्पीकरवर वेगळा धागा काढा, माझं बीपी वाढतं.
पायपीट, तुमच्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. संडास बहुतेक वेळा नाही. काही घरांशेजारी बांधलेला असतो, पण पाणी खालून आणायचं असल्यामुळे त्यात सरपण किंवा कोंबड्या. घरातल्या मावशीला किंवा सुनेला आल्याबरोबर विचारा, त्यांची जागा ठरलेली असते, पाण्याच्या वरच्या अंगाला नसते, आणि त्या स्वतः दाखवायला येतात. पहाटे अंधारात उठायचं असेल तर एकट्या जाऊ नका, टॉर्च आणि सोबत. बिबट्या त्या भागात आहे, म्हणून तर रात्री कुत्र्यालाही आत घेतात. टिश्यू, पॅड काहीही तिथे टाकायचं नाही, पुरायचंही नाही, कुत्री उकरतात. कागदात गुंडाळून झिपलॉकमध्ये, आणि परत पुण्याला. मुलीशी आधी मोकळेपणाने बोलून ठेवा. कपडे बदलायला आडोसा त्या करून देतात, माळ्याखाली साडी बांधून वगैरे, लाजायचं काही नाही.

नवशिक्या८२ :
मुलांसाठी चॉकलेट न्यावीत का?

घाटवाट :
नको. पोरं मग प्रत्येक ट्रेकरमागे धावतात आणि कागद रानभर. न्यायचंच तर घराला उपयोगी असं काहीतरी, चहा पावडर, साखर, गूळ, शेंगदाणे, काडेपेटी, बॅटरीचे सेल. तेही पैशाच्या बदल्यात नाही, पैशाशिवाय वर. आणि औषधं वाटू नका. म्हातारी म्हणेल गुडघा दुखतो, काहीतरी गोळी दे. आपण डॉक्टर नाही, तिला बीपी आहे की किडनीचं काही आहे आपल्याला माहीत नाही. बँडेज, जखम धुवायचं औषध दिलंत तर ठीक.

अजून एक, सिगारेटवाले असतील सोबत तर अंगणात अजिबात नाही. डिसेंबरात गवत कापून गंजी रचलेल्या असतात, वर्षभराचा चारा तो, एका ठिणगीत सगळं संपेल. दारूबद्दल लिहायची गरज पडू नये असं वाटतं, तरी लिहितो, नाही म्हणजे नाही.

कारवी :
वाटेबद्दल विचारलं नाहीत तरी एक. सोबत मुलगी आहे आणि बायको डोंगराला सरावलेली नाही असं वाटतंय, तर उतरायला सिंगापूर नाळ घ्या. बोराट्याची नाळ दगडधोंड्यांची, आणि ती मधेच सोडून लिंगाण्याच्या खिंडीकडे आडवं जायचा टप्पा चांगलाच दृष्टिभयाचा आहे, म्हणजे खालची दरी बघून पाय लटपटतात असा. सिंगापूर नाळेने खाली दापोली गावात पोचता (रत्नागिरीतलं ते दापोली नव्हे, एकाने इथेच मागे विचारलं होतं की समुद्र लागेल का). मोहरी-सिंगापुरातून वाटाड्या घ्या, त्याचे पैसे आदल्या रात्रीच ठरवून टाका.

पायपीट :
मंडळी, जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार, वृत्तांत वेगळा लिहीन पण मुक्कामाचं इथेच टाकतो कारण इथेच विचारलं होतं.

खिंडीच्या पलीकडे थोडं चढल्यावर एक घर लागलं तिथे पावणेपाचला पोचलो. घरात आजी, सून, दोन लहान पोरं, मुलगा खाली बाजाराला गेलेला. बायकोने नानांचं ऐकून उंबऱ्यातच पैशाचं बोलून टाकलं. आजी हसल्या आणि म्हणाल्या, ते तिला विचारा, सैपाक ती करती. सुनेने आकडा सांगितला, आम्ही म्हटलं ठीक, विषय संपला, एका मिनिटात. त्यानंतर पूर्ण संध्याकाळ कुणालाच अवघडल्यासारखं वाटलं नाही. सांबरशिंग, माझं मत विचाराल तर अगोदर बोलून घेतल्यानेच ते घर घर वाटलं, नाहीतर मी रात्रभर मनात हिशोब करत बसलो असतो की सकाळी किती ठेवायचे.

मग मी आणि मित्र कळश्या घेऊन विहिरीवर. उतरताना मजा, चढताना जीभ बाहेर. डोक्यावर घ्यायची पद्धत आम्हाला येईना, कडेवर घेतली तर निम्मं पाणी पँटीवर. पोरं मागून येऊन खिदळत होती. आम्ही दोघांनी दोन खेपांत जेवढं आणलं तेवढं ती सून एका खेपेत आणते, तिनेच सांगितलं, आणि हसतहसत सांगितलं.

रात्री म्हशींचं म्हणाल तर झोप लागायला वेळ लागला. अंधारात त्यांचं रवंथ चालू असतं, मधेच एक लांब उसासा, मधेच धबधबा, मग शेण पडल्याचा आवाज, आणि एक पारडू रात्रभर दावणीला शिंगं घासत होतं. ऊब मात्र खरी, जनावरांच्या अंगाची. बाहेर गवतावर दव गोठल्यासारखं होतं आणि आत मला स्लीपिंग बॅगची चेन उघडावी लागली. पहाटे चारला सून उठली, आधी चूल, मग धारा. बादलीत पहिली धार पडते तो चर्र आवाज, नंतर दूध भरत गेलं की तो आवाज जाड होत जातो. मित्राची मुलगी जाऊन शेजारी बसली, तिला एक सड धरायला दिला, तिच्याने एक थेंब निघेना, म्हशीने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि पाय उचलला. तेवढ्यावर शिकवणी संपली.

पिसवा : होत्या. मला नाही, मित्राला. बायकोला एक गोचीड सापडला, दुसऱ्या दिवशी तोरण्यावर मेंगाईच्या देवळापाशी बसून काढला.

मोहरीचा मुक्काम अगदीच आरामाचा झाला, लाईट, चार्जिंग, शेजारच्या घरात आणखी दोन ग्रुप, जेवणात वालाची उसळ सुद्धा. चांगलं होतं पण सांगण्यासारखं फार नाही. सिंगापूर नाळेने उतरलो, गुडघे अजून बोलतायत.

डोंगरवेडी :
मस्त! डोकं किती जणांनी आपटलं?

पायपीट :
चौघांनीही. मी तीनदा.

सांबरशिंग :
छान लिहिलंय. पैशाबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललं नाही, पण "सैपाक ती करती" हे आवडलं. नाना, पुढच्या वेळी तुमच्या आत्याकडे जातो, आधी दर विचारून.

नाना_मावळकर :
या. पत्र्याचं घर आहे, चालेल ना? :)

नवशिक्या८२ :
आम्हाला ऑफिसच्या सुट्ट्या एप्रिलमध्येच आहेत. हाच प्लॅन एप्रिलच्या शेवटी, सहा जण, चालेल का?

कारवी :
नाही. मार्चनंतर धारेवर पाण्याची मारामार असते, विहिरी तळाला गेलेल्या, घरच्या जनावरांना पुरत नाही तिथे तुम्हा सहा जणांना कुठून देणार, आणि तरीही त्या देतील. त्यात उन्हाने धारेवर तुमची चटणी होईल ती वेगळी. पावसाळ्यातही ही धार नवख्यांची नाही, धुक्यात वाट चुकते. नोव्हेंबर ते जानेवारी बघा. एप्रिलमध्येच जायचं असेल तर जिथे गाडी गावापर्यंत जाते आणि गावात नळाला पाणी आहे असं ठिकाण सुचवतो, वेगळा धागा काढा आणि किती जण, कुठून निघणार, ते लिहा.